कान, नाक, घसा आणि पोस्टमास्तर

कान, नाक आणि घसा एकाच तज्ज्ञाच्या हवाली करण्यामागे वैद्यकशास्त्राची काटकसर नसून शरीररचनेची सक्ती आहे. कारण मध्यकर्ण, म्हणजे कानाच्या पडद्यामागील पोकळी, युस्टेशियन नलिका नावाच्या अरुंद बोळाने नाकाच्या मागच्या बाजूस उघडते आणि तेथून घसा हाकेच्या अंतरावर असतो. म्हणूनच सर्दी नाकाला होते आणि दडे कानाला बसतात. शिवाय व्हेगस या मज्जातंतूची एक शाखा कर्णनलिकेपर्यंत पोहोचत असल्याने कान कोरणाऱ्या कित्येकांना खोकल्याची उबळ येते. हे ठाऊक नसलेला रुग्ण मात्र ‘दुखतो कान, आणि डॉक्टर बघतात घसा’ अशी तक्रार करीत घरी जातो.

या शास्त्राच्या पदवीधरांना किंचित अवघडवणारी बाब अशी, की त्यातील दोन मूलभूत युक्त्या ज्यांना सुचल्या ते डॉक्टर नव्हतेच. गियो हा व्हर्सायचा पोस्टमास्तर ऐकू येईनासे झाल्याने त्रासला होता. त्याने एक वाकवलेली नळी स्वतःच्या तोंडावाटे उपर्युक्त बोळाशी नेऊन तो धुऊन काढला आणि १७२४ मध्ये ही हकिकत पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवली. तुंबलेला मार्ग मोकळा करण्याची निकड टपाल खात्यातील माणसाला आधी जाणवावी, यात नवल नाही.

दुसरा मान मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाचा. शिष्यांच्या गळ्यात नेमके काय चालते, हा गवयांना पडणारा आणि शेजाऱ्यांना छळणारा प्रश्न त्याने १८५४ मध्ये सोडवला. दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा पडजिभेला टेकवून आणि हातातील दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडून त्याने स्वतःचे स्वरतंतू, म्हणजे ज्यांच्या कंपनाने आवाज निर्माण होतो त्या स्वरयंत्रातील घड्या, उघडमीट करताना पाहिले. स्वतःच्या गळ्यावर लुब्ध होणे गायकांत दुर्मीळ नाही. परंतु तो प्रत्यक्ष पाहून मग लुब्ध होण्याची शिस्त गार्सियाने दाखवली. १८५५ मध्ये त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला, आणि पुढे डॉक्टरांनी ही युक्ती इतकी आपलीशी केली की १९०५ मध्ये त्याच्या शंभराव्या वाढदिवसाला घशाचे तज्ज्ञ लंडनमध्ये जमले.

या तज्ज्ञांच्या कपाळावरचा अंतर्गोल आरसा, ज्याच्या मध्यभागी छिद्र असते, तोही एकोणिसाव्या शतकातलाच. छिद्रातून छिद्रात पाहणे हा या व्यवसायाचा स्थायीभाव तेव्हापासून दृढ झाला.

पाहिल्यावर सापडते ते काढावेही लागते, आणि या बाबतीत फिलाडेल्फियाच्या शेव्हालिये जॅक्सन यांची बरोबरी अवघड आहे. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांत अडकलेल्या सेफ्टी पिना, बटणे, नाणी आणि खेळणी त्यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने काढलीच, पण एखाद्या चोखंदळ संग्राहकाप्रमाणे प्रत्येक वस्तूची नोंद ठेवून जपलीही. मुलांनी काय गिळावे याला मर्यादा नसते, हे विधान सर्व आयांना मान्य असले तरी त्याचा इतका सज्जड पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. हा संग्रह त्यांनी १९२४ मध्ये तेथील ‘कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संस्थेला दिला. तिथल्या म्यूटर संग्रहालयात आज अशा दोन हजारांहून अधिक वस्तू खणांत मांडलेल्या आहेत.