ठगांच्या गावातला बड्डे

अडतीस वर्षं मी सरकारी ऑडिटमध्ये काढली. प्रवासभत्त्यात फुगवलेले चाळीस रुपये मला नुसत्या वासावर सापडत. मी येणार म्हटलं की कचेऱ्यांमध्ये कपाटं आवरली जायची आणि कॅशियर रजेवर जायचे. असा हा माणूस निवृत्तीनंतर पाचव्या महिन्यात, जबलपुरातल्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, अंगावर शाल पांघरून बसलेला असताना पुरता नागवला गेला. दरोडेखोराच्या डोक्यावर निळी टोकदार टोपी होती आणि मी त्याला शेवटपर्यंत ‘थँक यू’ म्हणत होतो.

सुरुवात भाच्यापासून झाली. दिवाळीला तो पुण्याहून आला आणि जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेला. “मामा, नुसते बसून कंटाळाल. हा खेळ खेळा. म्हातारा आहे, जमेल.” म्हातारा कोण, हे विचारायचं राहून गेलं.

खेळाचं नाव ओल्ड स्कूल रूनस्केप. मूळ रूनस्केप इंग्लंडातल्या गावर बंधूंनी २००१ साली सुरू केला. जगभरची माणसं एकाच काल्पनिक मुलखात एकाच वेळी हिंडतात, लाकडं तोडतात, मासे धरतात, राक्षस मारतात. पुढे खेळ इतका बदलला की जुन्या रहिवाशांना आपलंच घर ओळखू येईना. त्यांनी एवढा गळा काढला, की कंपनीनं २००७ सालच्या ऑगस्टमधली जपून ठेवलेली प्रत शोधून २०१३ मध्ये पुन्हा चालू केली. म्हणजे बिल्डरनं वाडा पाडून टॉवर बांधावा आणि भाडेकरूंच्या रडारडीला कंटाळून शेजारी जुना वाडा, संडासाच्या रांगेसकट, परत उभा करून द्यावा, तसं झालं. आता तिथे नवं काही आणायचं तर रहिवाशांचं मत घेतात, आणि नुसतं बहुमत पुरत नाही. मांडवाच्या झालरीचा रंग ठरवायला तीन बैठका घेणाऱ्या गणेशोत्सव मंडळात मी खजिनदार होतो. मला हा कारभार लगेच ओळखीचा वाटला. तिथेच फसलो.

पहिलं काम नाव घेण्याचं. मी ‘बड्डे’ घेतलं. आमच्या जबलपुरात ‘काय बड्डे’ म्हटलं की त्यात मित्र, भाऊ, दादा सगळं आलं. नाव ऐकून भाचा फोनवर खिदळला. “मामा, पुण्यात बड्डे म्हणजे केक कापतात तो!” आणि खेळातली माझी पहिली कामगिरी काय निघावी? लंब्रिज नावाच्या गावात ड्यूकचा वाढदिवस आहे, स्वयंपाकी सामान आणायला विसरलाय, त्याला केकसाठी अंडं, दूध आणि पीठ आणून द्या. हॅपी बड्डे.

अंडं मिळालं. दूध काढलं. पीठ अडलं. शेतातून गहू खुडायचा, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर जाऊन तो टाकायचा, दांडा ओढायचा, मग खाली उतरून पीठ भरायचं. मी सगळं केलं आणि खाली आल्यावर कळलं की भांडंच आणलं नाही. भांडं घेऊन आलो तर आपण दांडा ओढला होता का, हे आठवेना. पुन्हा वर. दीड तास गेला. ही मागे उभी राहून बघत होती. “घरचं दळण आणायला सांगितलं की गुडघे दुखतात,” एवढंच म्हणाली आणि रिकामा डबा माझ्या शेजारी ठेवून गेली.

घाई करून उपयोग नव्हता. या खेळाची नाडी ०.६ सेकंदाला एकदा पडते. तुम्ही मधल्या वेळात दहा वेळा बटण दाबा, काम त्या ठोक्यालाच पुढे सरकतं. मी सरकारी नोकरीतला माणूस. फाइल आपल्या ठोक्यानं सरकते, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरीही दाबत राहिलो.

पैशासाठी लाकूडतोड धरली. ज्या हातांनी जंगलखात्याच्या अवैध तोडीवर पानंच्या पानं आक्षेप लिहिले, त्याच हातांनी मी ओकची झाडं आडवी केली. प्रत्येक कामात ९९ लेव्हलपर्यंत चढता येतं. ९२ गाठली की मी जवळपास पोचलो, असं मला वाटत होतं. हिशेब मांडला. ९९ ला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि ९२ ला ६५,१७,२५३. म्हणजे ९२ ही अर्धी वाट! आकडे तीनदा तपासले, चूक सापडली नाही. मी होतो २७ वर. तरी तीन आठवड्यांत गाठीला साडेतीन लाख मोहरा जमल्या. वॅरॉक शहरातल्या बाजारात जाऊन अंगाचं नि पायांचं हिरवं अडमंट चिलखत, तसंच शिरस्त्राण, ढाल आणि तलवार घेतली. वर एक लाख दहा हजार उरले. आरशात बघता येत नव्हतं, नाहीतर बघितलं असतं.

त्या बाजारात एकजण ओरडत होता, ‘पैसे द्या, दुप्पट करून देतो.’ मी मनात हसलो. दामदुप्पट! अशा किती पतपेढ्यांच्या तेराव्याचं जेवण मी पाहिलंय. मी सर्वांसमक्ष लिहिलं, ‘हा भामटा आहे.’ तेवढ्यात निळ्या टोपीवाला शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, “शाबास. तू नवा दिसतोस, पण हुशार आहेस. इथे चोर फार. जपून राहा.” अडतीस वर्षांत मला ‘हुशार आहेस’ कुणी म्हटलं नव्हतं. घरातही नाही. मी विरघळलो.

पुढचे चार दिवस तो रोज संध्याकाळी भेटला. लाकडं कुठे चांगली ते सांगितलं. फुकट पाय दिले. पाय म्हणजे इंग्रजीतले, खायचे. मी आधी घाबरलो होतो. पाचव्या दिवशी म्हणाला, “उत्तरेला एक दुकान आहे, चिलखतं फार स्वस्त. एकट्यानं जाणं धोक्याचं, मी येतो सोबत. पैसे सगळे घे.”

आता वाचकहो, मी राहतो ते गाव लक्षात घ्या. कर्नल स्लीमननं ठगांच्या बंदोबस्ताचा कारभार १८३० च्या दशकात चालवला तो याच जबलपुरातून. माफीचे साक्षीदार झालेले ठग इथेच गालिचे आणि तंबू विणत बसले. इथून कटनीच्या रस्त्याला लागलं की स्लीमनाबाद येतं. पाहुण्यांना भेडाघाटचा धुवांधार धबधबा दाखवून आणताना मी त्यांना ठगांची पद्धत रंगवून सांगतो. ठग वाटेत भेटतो. गोड बोलतो. रस्त्यावर चोर फार, म्हणून बजावतो. सोबतीनं जाऊ म्हणतो, चार मुक्काम एका ताटात जेवतो. मग एका निवांत जागी कोणीतरी म्हणतं, ‘तंबाखू लाओ’, आणि रुमाल गळ्याभोवती पडतो. हे मी इतक्या वेळा सांगितलंय, की हिला पाठ आहे. मी मात्र निळ्या टोपीमागून निघालो.

वॅरॉकच्या उत्तरेला एक चर आडवा जातो. पलीकडे वाइल्डरनेस, रानटी मुलूख. तिथे खेळाडू खेळाडूला मारू शकतो. चर ओलांडताना खेळ स्वतःहून धोक्याची पाटी समोर धरतो. लोकांनी अटी न वाचता सह्या केल्या म्हणून मी उभ्या आयुष्यात किती जणांना झापलंय! मी पाटी न वाचता ‘पुढे चला’ दाबलं.

त्या मुलखाचा नियम मला मागाहून कळला. पहिल्या पट्ट्यात तुमच्यापेक्षा एकाच लेव्हलनं वरचा माणूस तुमच्यावर हात टाकू शकतो, विसाव्या पट्ट्यात वीस लेव्हलनं वरचा. जितके खोल जाल तितका मोठा माणूस तुम्हाला खाऊ शकतो. सरकारी खात्यातही हेच आहे; पण तिथे चर दिसत नाही. विसाव्या पट्ट्याच्या आसपास टोपीवाला थांबला आणि म्हणाला, “ओके.” मी म्हटलं, “थँक यू.” झाडांमागून आणखी दोघं आले. त्या ओकेचा अर्थ ‘तंबाखू लाओ’ होता, हे समजेपर्यंत माझा देह पडला होता.

मेल्यावर तीन सर्वांत मौल्यवान वस्तू जवळ राहतात. बाकी सगळं मारणाऱ्याचं. एक लाख दहा हजारांपैकी एक मोहरही उरली नाही. लंब्रिजच्या आवारात मी पुन्हा जन्मलो तो अंगात नि पायांत चिलखत, हातात ढाल, आणि डोकं व तलवारीचा हात दोन्ही रिकामे. त्याच आवारातून निघालो होतो, स्वयंपाक्याच्या केकसाठी.

“काय झालं?” हिनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“मेलो.”

“मग आधी जेवून घ्या, पोळ्या गार होतायत.”

रात्री झोप लागेना. उठून कागद घेतला आणि सवयीनं ऑडिटचा अहवाल लिहिला, नव्या खेळाडूंच्या माहितीसाठी. आक्षेप पहिला: बाहेर पडताना हरवली तर रडू येणार नाही एवढीच वस्तू सोबत न्यावी, बाकी बँकेत. बँक शहरात होती, फुकट होती, मी तिच्या दारातूनच निघालो होतो. आक्षेप दुसरा: पाटी वाचावी. आक्षेप तिसरा: न मागता स्तुती करणारा, न मागता खाऊ घालणारा आणि न मागता सोबत येणारा माणूस एकच असेल तर उलट दिशेला चालू लागावं. आक्षेप चौथा: जुन्या खेळात तुमचं वय, हुद्दा आणि पेन्शन धरत नाहीत. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात खमरियाच्या नव्या कारखान्यात लागले आणि अमरावतीकडून इथे आले. तेव्हा नागपूर-जबलपूर एकाच प्रांतात होतं, तरी ते सांगत, “परगावी पहिलं वर्ष कान उघडे ठेवावे आणि तोंड बंद.” मी पहिल्याच महिन्यात भर बाजारात भामटा ओळखून दाखवला. बाजारानं मला ओळखून घेतलं.

महिन्याभरानं लंब्रिजमध्ये एक नवा पोरगा रिकामं भांडं घेऊन फिरताना दिसला. “पीठ कुठे मिळतं?” असं ज्याला त्याला विचारत होता. माझं काळीज हललं. मी लिहिलं, “माझ्यामागून ये, पवनचक्की दाखवतो.” तो जागचा हलेना. मी लिहिलं, “घाबरू नकोस, मी जबलपूरचा रिटायर्ड ऑडिटर आहे.” लिहून झाल्यावर वाचलं, तर माझा मलाच संशय आला. मग त्याचा विश्वास बसावा म्हणून मी एक पाय पुढे केला, खायचा.

पोरगा पुलावरून जो सुसाट पळाला, तो दिसेनासा होईपर्यंत थांबला नाही. मी अहवाल उघडला आणि खाली शेरा लिहिला: सदर इसमाबाबत एकही आक्षेप नाही.