नऊ पिनांचे अण्णा

भोसरीच्या एमआयडीसीत दर चार गाळ्यांआड एक अण्णा सापडतातच. खिशाला पेनाऐवजी चिमुकला स्क्रूड्रायव्हर, खांद्याला झोळी आणि झोळीत केबलींचा असा गुंता, की त्यात हात घालायची हिंमत फक्त त्यांचीच. जग यूएसबीवर गेलं, वायफायवर गेलं. अण्णा सिरियल पोर्टच्या आरएस-२३२ वरच. "१९६० सालचं स्टँडर्ड आहे," हे ते घराण्याची वंशावळ सांगावी तसं सांगतात.

गाळ्यातली जुनी सीएनसी प्रोग्राम घेईनाशी झाली, की अण्णांना बोलावणं जातं. आल्या आल्या पहिला प्रश्न, "बॉड रेट काय ठेवलाय?" ऑपरेटर मालकाकडे बघतो, मालक छताकडे. मग अण्णाच मशीनच्या सेटिंगमध्ये शिरतात आणि गोत्र-प्रवर उच्चारावं तसं पुटपुटतात : "४८००, सात बिट, ईव्हन पॅरिटी, दोन स्टॉप. दोन्हीकडे हेच हवं. एवढं जुळलं नाही, तर पुढं नुसती भुताटकी."

लॅपटॉप विंडोजचा, पण अण्णांचा संसार विंडोजवर युनिक्सचं घर थाटणाऱ्या सिग्विनमध्ये. "तिकडचा कॉम ३ म्हणजे इकडचा टीटीवायएस २. युनिक्सवाले तळमजला शून्य धरतात!" घरच्या उबुंटूवर पोर्टनं 'परमिशन डिनाइड' म्हटलं, तेव्हा त्यांनी स्वतःला 'डायलआउट' गटात घालून घेतलं. "नुसतं नाव घालून भागत नाही, एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं," हे त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीलाही ऐकवलंय. का, ते त्याला अजून कळलेलं नाही.

तरीही गाडी अडली, तर अण्णा कागदाची क्लिप सरळ करून लॅपटॉपच्या पोर्टातल्या दोन आणि तीन नंबरच्या पिना जोडतात. टाइप केलेलं अक्षर तसंच स्क्रीनवर उमटतं. "बघा! आपलं बोलणं आपल्यालाच परत आलं. म्हणजे पोर्ट शाबूत. केबल बदला."

परवा रात्री त्यांच्या घरी बसलो होतो. आतून वहिनींनी विचारलं, "गॅसचा नंबर लावलात का?" अण्णा स्क्रीनमध्ये. पुन्हा विचारलं. पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा वहिनी बाहेर आल्या आणि आपणच उत्तरल्या, "लावला हो, मीच लावला!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना जोडल्यात कुणीतरी. माझं बोलणं मलाच परत येतं."

अण्णांनी प्रथमच मान वर केली.

"म्हणजे पोर्ट शाबूत आहे!"