आधी वाचा, मग जाळा

३० डिसेंबर २००१, रविवार. नाताळ होऊन पाच दिवस झालेले. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अ‍ॅलामोगोर्डो नावाचं गाव आहे. तिथल्या एका चर्चबाहेर शेकोटी पेटली आणि तिच्यात हॅरी पॉटरची पुस्तकं पडू लागली. ही पुस्तकं मुलांना चेटकाकडे नेतात, असं पाळकांचं म्हणणं. हॅरीचे तोवर चार भाग निघाले होते. तुम्ही यातलं काय वाचलंत, असं पत्रकारांनी विचारल्यावर पाळकांनी सांगून टाकलं, एकही नाही.

त्या आगीत हॅरी एकटा नव्हता. शेक्सपिअरच्या समग्र साहित्याचा खंड गेला आणि जे. आर. आर. टोल्किनच्या कादंबऱ्याही गेल्या. हॅरीचं घडीभर राहू द्या, टोल्किनचं मला सहन होत नाही. त्याच्या आईने १९०० साली कॅथलिक पंथ स्वीकारला म्हणून नातेवाइकांनी मदत तोडली. १९०४ साली ती गेली आणि तिच्या दोन पोरक्या मुलांना एका धर्मगुरूने सांभाळलं. टोल्किन शेवटपर्यंत कॅथलिक राहिला. त्याचा थोरला मुलगा फादर झाला.

आणि १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री, ऑक्सफर्डमध्ये मॉडलिन कॉलेजच्या झाडीतल्या पायवाटेवर, याच टोल्किनने आणि ह्यूगो डायसनने आपल्या एका मित्राशी वाद घातला. तो पहाटेपर्यंत चालला. विषय होता पुराणकथा. मित्र म्हणत होता, कथा सुंदर असतात, पण खोट्या असतात. टोल्किन म्हणत होता, कथा रचताना माणूस सत्याच्याच दिशेने चाचपडत असतो. ख्रिस्ताची कथाही त्याच जातीची आहे, फरक एवढाच की ती प्रत्यक्ष घडली. काही दिवसांनी हा मित्र भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून व्हिप्सनेडचं प्राणिसंग्रहालय बघायला निघाला. निघताना येशू हा देवाचा पुत्र आहे यावर त्याचा विश्वास नव्हता, पोचला तेव्हा होता. मित्राचं नाव सी. एस. लुईस. विसाव्या शतकात ख्रिस्ती श्रद्धेची बाजू सामान्य वाचकापर्यंत नेणाऱ्यांत हा माणूस पहिल्या रांगेत बसतो.

म्हणजे ख्रिस्ती लोकांनी एका ख्रिस्ती माणसाची पुस्तकं ख्रिस्ताच्या नावाने जाळली. न वाचता.

हे सगळं दूर अमेरिकेत घडलं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून चालणार नाही. वसईत, नगरला, पुण्यात, गोव्यात आपल्या घरांतही हाच प्रश्न येतो. मुलगी शाळेच्या लायब्ररीतून ‘हॅरी पॉटर आणि परीस’ घेऊन येते. आजी मुखपृष्ठावरचा मंत्रतंत्राचा थाट बघते आणि आई उपासनेनंतर पाळकबाईंना बाजूला घेऊन विचारते, वाचू देऊ का? माझं उत्तर सुरुवातीलाच सांगते. द्या. आणि तिच्यानंतर तुम्हीही वाचा.

विरोध करणारे लगेच पवित्र शास्त्र उघडतात. उघडायलाच हवं, पण पूर्ण वाचायला हवं. प्रेषितांची कृत्ये, १९ वा अध्याय, इफिस शहर. जादूटोणा करणाऱ्यांनी आपले ग्रंथ आणून सर्वांसमोर जाळले आणि त्यांची किंमत पन्नास हजार रुपये भरली, असं तिथे आहे. पुस्तक जाळणाऱ्यांचा हा आवडता उतारा. ते ग्रंथ कोणाचे होते? जाळणाऱ्यांचे स्वतःचे. ते कशाचे होते? स्वतः करत आलेल्या जादूचे. ते मोठे लोक होते, पश्चात्ताप झाला म्हणून आपल्याच पोटापाण्याची साधनं त्यांनी आगीत टाकली. दुसऱ्याच्या लेकराच्या हातून गोष्टीचं पुस्तक कोणी हिसकावलं नाही. जाळा असा हुकूम पौलाने दिला, असंही त्या अध्यायात कुठे नाही.

दुसरा उतारा अनुवाद १८. शकुन पाहणारा, चेटूक करणारा, मेलेल्यांना विचारणारा, अशी यादीच तिथे आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच ती नीट लावायला हवी. त्या यादीत करण्याच्या गोष्टी आहेत. मग आपल्या घरात ते कोण करतं, ते बघू. सकाळी चहाबरोबर पेपरमधलं राशिभविष्य कोण वाचतं? हा संदेश अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत आशीर्वाद मिळेल, असं व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे कोण ढकलतं? टीव्हीवरच्या प्रचारकाकडून अभिषेकाच्या तेलाची बाटली मागवून ती दुकानाच्या गल्ल्यात कोण ठेवतं? ठरावीक कृती केली की अदृश्य शक्तीने ठरावीक फळ द्यायलाच हवं, या समजुतीला जादू म्हणतात. आणि ती खरी मानून करणारी माणसं मोठी आहेत. दहा वर्षांच्या पोरीला पक्कं ठाऊक असतं की झाडू घेऊन गच्चीवरून उडता येत नाही.

तिसरा दाखला मात्र या वादात क्वचितच कोणी काढतं. दानिएल, पहिलाच अध्याय. बाबेलला नेलेल्या या तरुणाने राजाचं अन्न नाकारलं, द्राक्षारस नाकारला. पण त्याला खास्दी लोकांची भाषा आणि त्यांचे ग्रंथ शिकवले गेले, तीन वर्षांचं ते शिक्षण होतं, आणि त्याने ते नाकारलं नाही. परक्या देवतांच्या, ताऱ्यांच्या आणि शकुनांच्या त्या विद्येत तो राजाच्या सगळ्या पंडितांपेक्षा वरचढ ठरला. पुढे सिंहांच्या गुहेत त्याची श्रद्धा टिकली. पालकांनो, हा मुलगा आपल्या प्रत्येक संडे स्कूलच्या भिंतीवर चितारलेला असतो.

शास्त्राला कल्पितकथेचं वावडं कधीच नव्हतं. शास्ते ९ मध्ये झाडं स्वतःसाठी राजा शोधत फिरतात आणि काटेरी झुडूप राजा व्हायला तयार होतं. योथामाने ही गोष्ट सांगितली, ती राज्य बळकावणाऱ्या अबीमलेखाला झोंबावी म्हणून. नाथान संदेष्ट्याने दाविदाला त्याचं पाप दाखवलं तेही एका मेंढीची गोष्ट रचून. सरळ बोलला असता तर राजाने ऐकलं असतं का? आणि येशूने तर शिकवणीचा केवढा मोठा भाग दाखल्यांतूनच दिला. प्रकटीकरणातला सात डोक्यांचा आणि दहा शिंगांचा तांबडा अजगर ज्यांना चालतो, त्यांनी गोष्टीतल्या ड्रॅगनला भिण्याचं कारण नाही.

त्या ड्रॅगनचंच सांगते. लुईसच्या नार्निया मालिकेची सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात आली. त्यांतलं १९५२ चं ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’ घ्या. त्यात यूस्टेस नावाचा एक मुलगा आहे. कुरकुऱ्या, अप्पलपोटा, दुसऱ्याच्या चुका टिपून ठेवणारा. एका बेटावर सगळे कामाला लागलेले असताना हा काम चुकवून सटकतो आणि मेलेल्या ड्रॅगनच्या गुहेत शिरतो. तिथे खजिन्याचा ढीग. तो हातात सोन्याचं कडं चढवतो, मनात लोभाचे हिशेब करत ढिगावरच झोपतो, आणि उठतो तो स्वतःच ड्रॅगन होऊन. कडं आता फुगलेल्या दंडात रुतलंय, हलता हलत नाही. बोलायला जातो तर तोंडातून शब्द येत नाही. आपण किती एकटे आहोत, आणि ज्यांना छळलं ती माणसं किती बरी होती, हे त्याला पहिल्यांदा तिथे कळतं.

मग एका रात्री अस्लान येतो. सिंह. तो त्याला एका विहिरीपाशी नेतो आणि अंगावरचं उतरव म्हणतो. यूस्टेस नखांनी कातडं ओरबाडतो, एक अख्खा थर निघतो, त्याला हायसं वाटतं. पाण्यात वाकून बघतो तर खाली तसंच खवल्यांचं दुसरं कातडं. ते काढतो, तर तिसरं. तेही काढतो, तरी ड्रॅगनच. तेव्हा सिंह म्हणतो, हे मला करू द्यावं लागेल. पंजाचा पहिलाच ओरखडा इतका खोल जातो की काळजापर्यंत गेला असं पोराला वाटतं. कातडं सुटतं, सिंह त्याला उचलून पाण्यात टाकतो. आधी झोंबतं, मग सुख वाटतं, आणि बघतो तर तो पुन्हा मुलगा झालेला असतो.

आपण स्वतःच्या जोरावर पाप झाडून टाकू शकत नाही. कृपा बाहेरून येते, ती दुखवते, आणि मग पाण्यातून माणूस नवा होऊन वर येतो. आपले किती पाळक हे नऊ वर्षांच्या मुलाला कळेल असं सांगू शकतात? मी कित्येक वर्षं बाप्तिस्म्यावरची प्रवचनं ऐकत आलेय. मुलांच्या रांगेतली चुळबुळ त्या वेळी थांबत नाही. यूस्टेसचं कातडं सोललं जात असताना मात्र एकही पोर हलत नाही.

काही पालकांनी मधला मार्ग काढलाय. नार्निया चालेल, हॅरी नको. नार्नियातही चेटकीण आहे, मंत्र आहेत. लेखक आपला आहे म्हणून तिथली जादू शुद्ध ठरते, एवढाच त्यातला अर्थ. मग हॅरीच्या सातव्या भागातला नाताळच्या आदल्या रात्रीचा प्रसंग वाचा. चर्चच्या आवारातल्या कबरी, त्यांवर बर्फ. एका कबरीवर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं वचन आहे. हॅरीच्या आईवडिलांच्या कबरीवर १ करिंथ १५ मधलं आहे, पुनरुत्थानाच्या अध्यायातलं. आई लेकरासाठी जीव देते आणि त्या प्रेमापुढे सगळी काळी विद्या हरते, हा त्या सात पुस्तकांचा कणा आहे. शेवटी नायक शस्त्र न उगारता स्वखुशीने मरणाला सामोरा जातो. हे वाचून ज्याला कालवरीची टेकडी आठवत नाही, त्याने ते वाचलेलंच नाही.

आणि न वाचणं हीच या विरोधाची खरी कहाणी आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदीप्रमाणे २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक हरकती हॅरी पॉटर मालिकेवर आल्या. आर्कान्सातल्या सीडरव्हिलच्या शाळा मंडळाने फर्मान काढलं की हे पुस्तक हवं असेल तर पालकांची लेखी परवानगी आणा. २००३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने पुस्तकं परत उघड्या फडताळावर ठेवायला लावली. २०१९ मध्ये नॅशव्हिलच्या एका कॅथलिक शाळेतून ती काढली गेली, कारण त्यातले मंत्र खरे आहेत असं तिथल्या फादरांचं मत होतं. त्याच वर्षी पोलंडमध्ये ग्दान्स्कला धर्मगुरूंनी हॅरीसकट पुस्तकांची होळी केली आणि नंतर माफी मागितली.

विचार करून विरोध करणारेही आहेत, त्यांना मी या पंगतीत बसवत नाही. कार्डिनल रात्सिंगर यांनी पोप होण्याच्या दोन वर्षं आधी, २००३ मध्ये, एका जर्मन लेखिकेला पत्र लिहिलं आणि हॅरीतला मोह सूक्ष्म आहे, श्रद्धा रुजण्याआधीच तो मनात शिरतो, या तिच्या काळजीला दुजोरा दिला. ते पत्र खासगी होतं, धर्माज्ञा नव्हती. पुढे २००९ मध्ये व्हॅटिकनच्याच वृत्तपत्राने सहाव्या चित्रपटाची वाखाणणी केली. पण काळजी पोकळ नाही. मुलांच्या हाती काय कोणत्या वयात द्यावं, हा प्रश्न खराच आहे. फिलिप पुलमनच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’मध्ये धर्मसत्ता हीच खलनायक आहे. ती मालिका मी आठ वर्षांच्या मुलाला देणार नाही, पंधराव्या वर्षी देईन आणि सोबत बसेन. २००७ मध्ये तिच्यावरचा चित्रपट आला तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने बहिष्काराची हाक दिली. त्याआधी २००४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी काय केलं? लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ते पुलमनच्या समोर बसले आणि भर सभेत त्याच्याशी चर्चा केली. मुलांना दाखवण्यासारखा धीर मला त्या खुर्चीत दिसतो.

राहता राहिलं आपल्या मराठी मंडळीचं. जॉन बन्यनचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८ चं. राक्षस आहेत, खवल्यांचा अपोल्योन आहे, संशयाचा किल्ला आहे, म्हणजे पहिल्या पानापासून अद्भुतकथाच. ती हरी केशवजींनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणली आणि आपल्या पणजोबांच्या घरांत ती पवित्र शास्त्राच्या शेजारी राहिली. त्या राक्षसांनी कोणाची श्रद्धा खाल्ली नाही.

मुलाच्या हातून पुस्तक काढून घेणं पाच सेकंदांचं काम आहे. त्याच्यासोबत वाचायला महिना लागतो, आणि पुष्कळ घरांत बंदी येते ती हा महिना द्यायचा नसतो म्हणून. हे मुलाला कळतंच. आपले आईबाप या पुस्तकाला भितात आणि त्यांचा देवही बहुधा भितो, एवढा निष्कर्ष ते काढतं आणि पुढचं पुस्तक दप्तरात लपवून आणतं.

तेव्हा आज रात्री ते पुस्तक मुलीकडून मागून घ्या, काढून घेऊ नका. पहिली पाच प्रकरणं वाचा. सकाळी डबा भरताना तिला विचारा, यातलं तुला कोण आवडतं आणि का. तिचं उत्तर पूर्ण ऐका. त्यानंतरही पुस्तक वाईट वाटलं तर तिला तसं स्पष्ट सांगा, कारणासकट, पान काढून.