ढेकर गाईचा, नुकसान मालकाचं

सिन्नर, येवला, मालेगावच्या बाजूला मका चिकात आला आहे. पुढचे काही दिवस महत्त्वाचे. आता कापून हवाबंद मुरवला तर मुरघास होतो. वाळू दिला तर कणीस बाजार समितीत जातं आणि गाईपुढे पडतं ते वाळकं धाट. हवामान बदलाची चर्चा करायची तर ती या गव्हाणीपाशी करू.

गाईच्या कोटीपोटात सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्यातून मिथेन बनतो आणि ढेकरावाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट ताप वाढवतो. पण हवेत टिकतो जेमतेम बारा वर्षं. आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसेल. 2019च्या पशुगणनेत देशात 19 कोटींहून जास्त गाई-बैल आणि जवळपास 11 कोटी म्हशी होत्या. हा आकडा बाजूला सारता येत नाही.

डेन्मार्कने 2030 पासून जनावरांच्या वायूवर कर लावायचं ठरवलं आहे. ते इथे नको. चार गाईंवर पोरांची फी भरणाऱ्याला कर लावणं हा अन्याय आहे. इगतपुरीच्या डांगी गाईलाही यात ओढू नका. तिची जात भातखाचरातल्या चिखलात राबते, लिटरच्या मापाने ती मोजायची नसते.

पण संकरित गाईच्या मालकाला एक हिशेब सांगायलाच हवा. चाऱ्यातल्या ऊर्जेचा 2 ते 12 टक्के भाग मिथेन होऊन उडून जातो. पेंड विकत आणायची, कडबा विकत आणायचा आणि त्यातला वाटा हवेत सोडायचा! निकृष्ट वैरणीवर ही गळती वाढते, दूध घटतं, आणि प्रत्येक लिटरमागे वायूचा बोजा चढतो. कुट्टी, मुरघास, खनिज मिश्रण, गाईच्या दुधाप्रमाणे बेतलेला आहार ही सगळी माहितीतली कामं आहेत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा कार्यक्रम गावोगाव राबवला, तेव्हा खर्च आणि मिथेन दोन्ही कमी झाले.

शेणाचंही तेच. ओला उकिरडा मिथेन सोडत राहतो. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज साधारण 50 किलो शेण पुरतं, म्हणजे चार-पाच गाईंचं. चूल पेटते आणि स्लरी उरते. निफाड-दिंडोरीचे द्राक्षबागायतदार शेणखतासाठी पैसे मोजतात, मग स्लरीचा व्यवहार का बसू नये?

माझा राग दूध संकलनावर आहे. फॅट 3.5, एसएनएफ 8.5, एवढंच विचारलं जातं. 2024 मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं. भाव पडले होते, गरज होतीच. पण त्या पैशातून गव्हाण सुधारली का, हे कुणी विचारलं नाही.

दूध संघांनो, यंदा प्रत्येक संकलन केंद्राला एक कुट्टी यंत्र आणि आहार सांगणारा एक माणूस द्या. मुरघासाच्या बॅगांचे पैसे दुधाच्या बिलातून हप्त्याने कापा. मका वाळायच्या आत द्या.