कार्डांचं सोवळं

जुना कॉम्प्युटर पाळणाऱ्याला घरात मान नसतो, सल्ले मात्र वारेमाप मिळतात.

माझा आयबीएम पीसी एक्सटी १९८३ च्या घराण्यातला. स्लॉट आठ. स्क्रीनला कार्ड, फ्लॉपीला कार्ड, हार्ड डिस्कला कार्ड. साधं घड्याळही मदरबोर्डवर नाही, त्यालाही कार्डच. दोन स्लॉटमध्ये अंतर जेमतेम वीस मिलिमीटर. एकाच्या पाठीवर सोल्डर केलेल्या पायांचे काटे, शेजारच्याच्या पोटावर चिपा. याच्या बारा व्होल्टांनी त्याच्या पाच व्होल्टांना शिवलं, की धूर! तेव्हा मध्ये सोवळं हवंच.

आईने लग्नपत्रिका काढली. जाडजूड, शिवाय फुकट. पण वरचा सोनेरी गणपती म्हणजे धातूचा वर्ख. विघ्नहर्त्याच्याच हातून विघ्न नको. त्यातून पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो. शेजारचे काका म्हणाले, "अरे, कार्ड ज्या चंदेरी पिशवीतून आलं, तीच लाव की!" त्या पिशवीतही धातूचा थर. कपाटात ती कार्डाला स्थिर विजेपासून जपते, चालू मशीनमध्ये तीच घात करते. वायरमनची काळी टेप गरम झाली की डिंक सोडते. फोम हवा अडवतो आणि म्हातारपणी त्याचा भुगा होतो.

सर्वांत शास्त्रशुद्ध निघाली आजी. "माझं सोवळ्याचं रेशमी घे," म्हणाली. पूर्वी तारांवर खरोखरच रेशीम गुंडाळत!

शेवटी पुण्याच्या तापकीर गल्लीत गेलो आणि कॅप्टॉन नावाची इन्सुलेशन टेप मागितली. "मोबाइलवाले नेतात ती पिवळी ना?" दुकानदाराने रीळ पुढे सरकवलं. अपोलोच्या चांद्रयानाच्या आवरणात हीच फिल्म होती, हे त्याला सांगितलं. भाव कमी झाला नाही.

ही फिल्म उष्णतेला भीत नाही, काट्यांना भिते. पंचवीस मायक्रॉनची जाडी ती केवढी! म्हणून आधी पायांची टोकं कापली, मग ओव्हरहेड प्रोजेक्टरची पॉलिएस्टर शीट कार्डाच्या मापाने कापून पाठीवर ठेवली. खालची सोनेरी बोटं मोकळी सोडली आणि शीटचे कोपरे तेवढे कॅप्टॉनने धरले. चिपांची बाजू उघडीच, वाऱ्याला.

बायको हे सगळं बघत होती. म्हणाली, "त्यापेक्षा मधला एक स्लॉट रिकामा का नाही ठेवत?"

यापेक्षा स्वस्त, हवेशीर आणि खात्रीचं इन्सुलेशन जगात नाही, हे मलाही ठाऊक होतं.

"ठेवला असता गं," मी म्हटलं, "पण तिथे साउंड कार्ड यायचंय."