व्यापारीणबाईंचा चहा

(सेंट पीटर्सबर्गचं रशियन म्युझियम. बरीस कुस्तोदियेव यांच्या ‘चहा पिणारी व्यापाऱ्याची बायको’ या चित्रासमोर दोन मराठी प्रवासी.)

चहाबाज : बाई खात्यापित्या घरची दिसते.

रसिक : पाय दुखतात म्हणून थांबलाच आहात, तर नीट बघा तरी. ते आकाश, मागचं ते टुमदार गाव, चर्चचे घुमट...

चहाबाज : टेबलावर बंब कशाला ठेवलाय? आंघोळ झाल्याशिवाय चहा नाही?

रसिक : समोवार आहे तो! मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी.

चहाबाज : म्हणजे बंबच की.

रसिक : किटलीत कडक कोरा चहा असतो. तो कपात थोडासा घ्यायचा आणि यातलं पाणी घालून हवा तेवढा फिका करायचा.

चहाबाज : चहा फिका करायला एवढी यंत्रणा! आणि वर कलिंगड? पोट बिघडेल बाईंचं.

रसिक : काळजी नको. चित्रासाठी बसली होती ती मेडिकलची विद्यार्थिनी. गालिना आदेरकास, आस्त्राखानची.

चहाबाज : म्हणजे व्यापाऱ्याची बायको नव्हेच! पोशाख तरी खरा पारंपरिक ना?

रसिक : खेड्यातला सराफान नव्हे. हा व्यापाऱ्यांच्या घरचा थाट, उघडे खांदे आणि रेशीम.

चहाबाज : मग नवरा कुठाय? मागच्या सज्जात चहा पितोय तो का?

रसिक : ते शेजारी.

चहाबाज : तेही चहाच पितायत. या गावात दुकान कोण उघडतं?

रसिक : कसलं दुकान! चित्र 1918चं. व्यापारी हा वर्गच क्रांतीनं आदल्या वर्षी कायद्यानं मोडीत काढला होता. पेत्रोग्राडमध्ये, म्हणजे याच शहरात, पाव रेशनवर, तोही मोजून. आणि कुस्तोदियेव? मणक्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर 1916पासून चाकाच्या खुर्चीत.

चहाबाज : मग हे कलिंगड, ही द्राक्षं?

रसिक : मनातली. जन्म आस्त्राखानचा, व्होल्गाकाठचा माणूस.

चहाबाज : तरीच. पोटभर जेवलेल्याला कलिंगड एवढं लाल दिसत नाही.

रसिक : हे तुम्ही बोललात?

चहाबाज : बहात्तरच्या दुष्काळात मिलोच्या भाकरी खाल्ल्यात मी. झोपेत श्रीखंड दिसायचं. वाटी नव्हे, पातेलं.

रसिक : (जरा थांबून) आता बाईंचा हात बघा.

चहाबाज : अरे वा! बशीत ओतून पितेय!

रसिक : व्यापारी घरांत रीतच होती ती. बशी बोटांच्या टोकांवर तोलायची.

चहाबाज : आधी फोटो काढा. मी, बाई आणि बशी, तिघंही आलो पाहिजेत. लग्न झाल्यापासून या बशीवरून बोलणी खातोय. हा घरी पुरावा!

रसिक : आणि चित्राबद्दल काही मत?

चहाबाज : दूध नाही, तेवढं सोडलं तर उत्तम चित्र.