दात मोजणारे मामा

जनावराच्या तोंडात अंगठा घालून वय सांगणारे मामा नांदेडकडं गावोगाव सापडतात. आमचे त्यातले नामी. नव्या मोंढ्यात आडत, कंधारकडं शेती, दारात लालकंधारी जोडी. मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेला गेले की खंडोबाला भंडारा वाहून होतो न होतो, हे जनावरांच्या बाजारात. बैलाचा ओठ वर केला की निकाल लागला : आदत, दुसा, चौसा, जुळलेला. मग विकणारा काही का सांगेना.

स्वतःचं तोंड मात्र तीन वर्षं कुणाला दाखवलं नाही. उजवीकडची खालची दाढ ठणकायची. लवंग झाली, तुरटीच्या गुळण्या झाल्या, मामीची मिसरीही लावून झाली. भाकरी डावीकडूनच चावायची. "डॉक्टरकडं चला" म्हटलं की आज अमावस्या, उद्या तुरीची आवक. शेवटचा हुकमी एक्का : "दाढ काढली की नजर जाते." दाढेची नस वेगळी, डोळ्याची वेगळी, हे सांगून काही फरक पडत नाही, लोह्याच्या कुणाला तरी दाढ काढल्यावर चष्मा लागलेला असतोच. तो गडी तेव्हा सत्तरीचा होता, हे मामा सांगत नाहीत.

नांदेडातल्या तीन दवाखान्यांच्या पायऱ्या ते चढले. आतून मशीनचा आवाज आला की ठणका जागच्या जागी बंद. "बघा, राहिलं की!" म्हणत खाली. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, 1993 साली, ढिगाऱ्यात उतरलेला हा माणूस. 'भीती' शब्द तोंडात नाही. त्यांच्याकडं फक्त वेळ नसतो.

अखेर गाल पुरणपोळीसारखा फुगला, तेव्हा मामीनं त्यांना लातूरच्या गाडीत बसवलं. तिथं भाचा दातांचा डॉक्टर. पोरं शिकायला लातूरला धाडतात, मामीनं दाढ धाडली.

भाच्यानं आधी चार प्रश्न विचारले. उद्या दातांच्या डॉक्टरकडं जायचंय म्हटलं तर कसं वाटतं, खुर्चीत बसून मशीनची वाट बघताना कसं वाटतं, असले. नॉर्मन कोरा नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1969 साली काढलेली ही भीतीची मोजपट्टी. कमीत कमी 4 गुण, जास्तीत जास्त 20. पंधरा नि त्यापुढं म्हणजे पेशंट जपून हाताळा. मामांना 19 पडले. लातुरात एवढ्या गुणांवर पेपरात फोटो येतो.

इंजेक्शन दिलं आणि मिनिटाभरात मामांनी छाती धरली. "गेलो बे! हार्ट अटॅक!"

"मामा, औषधात ॲड्रेनालिन असतंय. बधिरपणा टिकावा म्हणून घालतेत. त्यानं छाती धडधडती, दोन-चार मिनिटांत उतरती. सावकाश श्वास सोडा. मोजा माझ्यासंगं."

मामांनी मोजलं, पण मोंढ्याच्या रीतीनं. "लाभ... दोन... तीन..." सहाव्या मापाला छाती जागेवर आली.

"आता ऐका. डावा हात वर केला की मी थांबणार. दुखू द्या, नाहीतर उगीच करा. थांबणार म्हणजे थांबणार."

हे मामांना फार पटलं. खातरी करायला पहिला हात मशीन सुरू व्हायच्या आधीच वर. भाचा थांबला. दुसरा मशीन लागताच. थांबला. मग सोयाबीनचा भाव सांगायला, मग पंखा कमी करायला सांगायला. अकरा वेळा हात वर झाला, त्यात दुखलं म्हणून एकदाही नाही. मोंढ्यात शब्दाला असा पक्का माणूस अलीकडं मिळत नाही, असं ते अर्ध्या बधिर तोंडानं म्हणाले. ते भाच्याला कळायला दोनदा म्हणावं लागलं.

रूट कॅनॉलची पहिली बैठक झाली. आत औषध, वर तात्पुरतं सिमेंट, पुढची तारीख सोमवारची. रात्री दाढ गप्प झाली आणि सोमवारपासून मामांचा फोन बंद.

असे तीन सोमवार गेले. चौथ्या आठवड्यात माळेगावची जत्रा लागली. लातूर-नांदेड रस्त्यावरच गाव. भाच्यानं गाडी थेट जनावरांच्या बाजारात घातली. गर्दीच्या मधोमध मामा एका देवणी बैलाचा जबडा उघडून उभे. "जुळलेला हाय, चौसा सांगून राहिलास व्हय?" एवढ्यात भाचा दिसला.

उजवा अंगठा बैलाच्या तोंडात तसाच ठेवून मामांनी डावा हात वर केला.